जुनी मासेमारी बोट घेताना: आधी ट्रान्सम, मग इंजिन

जुनी बोट स्वस्त पडली की महाग, हे विकणाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावरून कळत नाही. ते तीन ठिकाणी कळते: ट्रान्सम (बोटीची मागची उभी भिंत) आणि त्याला जोडलेले आतले लाकूड, इंजिनाचा आतला भाग, आणि डेकखाली दडलेला, बोट तरंगती ठेवणारा फोम व इंधनाची टाकी. या तिन्हींपैकी एकाचेही काम निघाले तर बोटीला दिले तेवढेच पैसे पुन्हा घालावे लागू शकतात. याउलट फाटक्या गाद्या, उडालेला रंग, गंजलेले रॉड-होल्डर, न लागणारे दिवे ही सगळी सुट्टीच्या दिवशी उरकण्यासारखी कामे आहेत. शिवाय त्यांच्यामुळे किंमत खाली येते. म्हणून कमी पैशात बोट शोधणाऱ्याने दिसायला गबाळी पण हाडाने घट्ट अशी बोट शोधावी. नुकतीच रंगवलेली, चकचकीत, पण इंजिनाचा इतिहास सांगता न येणारी बोट सोडून द्यावी.

पाणी कोणते, काम कोणते

तलाव, नदी, शांत खाडी एवढ्यापुरतेच जायचे असेल तर ४ ते ५ मीटरची, सपाट किंवा उथळ व्ही तळाची अ‍ॅल्युमिनियमची बोट सर्वांत कमी खर्चात पडते. हलकी असते, लहान इंजिनावर पळते आणि उथळ पाण्यात शिरते. उघड्या समुद्रावर हीच बोट लाटांवर आपटून अंग मोडते. तिथे खोल व्ही तळ, उंच काठ आणि आत आलेले पाणी आपोआप बाहेर टाकणारा डेक लागतो. म्हणजे बोट जड, इंजिन मोठे, इंधन जास्त. 'दोन्हीकडे चालेल' अशी बोट शोधू नका. वर्षातले बहुतेक दिवस जिथे काढणार, त्या पाण्यासाठी बोट घ्या.

गळाने मासेमारी करणार की जाळ्याने, यावर इंजिनाची जागा ठरते. मागच्या बाजूने जाळे सोडायचे-ओढायचे असेल तर आऊटबोर्ड, म्हणजे ट्रान्समला बाहेरून टांगलेले इंजिन, नेमके आड येते. इनबोर्ड, म्हणजे आत बसवलेले इंजिन, असलेल्या बोटीची मागची बाजू मोकळी मिळते. पण पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाळे किंवा दोरा अडकला तर आऊटबोर्ड वर उचलून हाताने सोडवता येते, इनबोर्डसाठी पाण्यात उतरावे लागते. उथळ, खडकाळ किंवा गवताळ पाण्यात हा फरक रोज जाणवतो.

इंजिनाचा प्रकार घरी बसूनच ठरवा

जागेवर गेल्यावर समोर दिसेल ते इंजिन बरे वाटू लागते. म्हणून प्रकार आधीच ठरलेला असावा. तो ठरवताना आधी हॉर्सपॉवर बघू नका, वर्षाला किती तास चालवणार ते बघा.

जुन्या बाजारात सर्वांत स्वस्त मिळते ते कार्बोरेटरचे टू-स्ट्रोक आऊटबोर्ड. वजनाला हलके, सुटे भाग कमी, साध्या हत्यारांनी खोलता येणारे. उणीव अशी की, सिलिंडरमध्ये नवे मिश्रण शिरते तेव्हाच जळालेला वायू बाहेर पडत असल्याने २५ ते ३० टक्के इंधन न जळताच निघून जाऊ शकते. वर्षाला ४०-५० तास चालवणाऱ्याला याचा फारसा चटका बसत नाही, रोज बाहेर पडणाऱ्याला बसतो. गळ टाकून तासन्‌तास हळू चालवले की प्लग काजळतात. अनेक जलाशयांवर अशा इंजिनांना बंदी असते, तेव्हा आपल्या पाण्यावर चालते का हे आधी विचारा. पेट्रोलमध्ये मिसळायचे तेल टीसी-डब्ल्यू३ या, टू-स्ट्रोक आऊटबोर्डसाठीच्या दर्जाचेच हवे. पेट्रोल-तेलाचे प्रमाण ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५ लिटरच्या टाकीला अर्धा लिटर. मात्र नेमके प्रमाण त्या मॉडेलच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवा. तेल आपोआप मिसळणारा पंप असलेल्या जुन्या इंजिनात तो पंप बंद पडला की पिस्टन काही मिनिटांत जाम होतो. पंप चालू आहे याची खात्री नसेल तर मिश्रण हाताने करणे सुरक्षित.

डायरेक्ट इंजेक्शनचे टू-स्ट्रोक इंधन वाचवते आणि जोरही चांगला देते, पण ते कमी पैशातले इंजिन नव्हे. त्याचे इंजेक्टर आणि कंट्रोल युनिट बिघडले की लॅपटॉप लावणारा मेकॅनिकच लागतो. अशी इंजिने बनवणाऱ्या एव्हिनरूड आऊटबोर्डचे उत्पादन २०२० साली बंद झाले, त्यामुळे तसे इंजिन घेण्याआधी भाग कुठून मिळणार हे ठरवूनच पुढे जा.

फोर-स्ट्रोक आऊटबोर्ड आवाजाला शांत, हळू चालवताना स्थिर आणि इंधनाला काटकसरी. नियमित मासेमारी करणाऱ्यासाठी आमची पहिली पसंती हीच. पण ते त्याच ताकदीच्या टू-स्ट्रोकपेक्षा सहसा जड असते. जुन्या, हलक्या बोटीवर बसवले तर मागची बाजू खाली बसते आणि डेकचे पाणी बाहेर टाकणाऱ्या भोकांतून उलट आत येऊ लागते. दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा तेल आणि फिल्टर बदलावाच लागतो. थंड पाण्यात सतत हळू चालवल्यास पेट्रोल तेलात उतरते. डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर हे ओळखा. तेल बदला आणि दर फेरीत थोडा वेळ इंजिन चांगले तापेल एवढे पळवा.

इनबोर्ड डिझेल म्हणजे रोजच्या धंद्याचे इंजिन. पूर्ण ताकदीवर पेट्रोल इंजिन दर हॉर्सपॉवरला तासाला साधारण ०.३५ ते ०.३८ लिटर पिते, डिझेल ०.२ लिटरच्या आसपास. म्हणजे ६० हॉर्सपॉवरला तासाला २१-२३ लिटर विरुद्ध १२ लिटर. डिझेलची वाफ पेट्रोलसारखी सहज पेट घेत नाही, हा बंद इंजिनखोलीतला मोठा फायदा. चांगली राखलेली इंजिने हजारो तास चालतात. पण वजन जास्त, जागा जास्त, आणि इंजेक्शन पंपाची दुरुस्ती महाग. वर्षातून दहा-वीस वेळा जाणाऱ्याने डिझेलच्या मागे लागू नये. न चालवता उभे राहिलेले डिझेलही गंजते.

उरले स्टर्नड्राइव्ह, म्हणजे आत इंजिन आणि ट्रान्समबाहेर ड्राइव्ह. जुन्या बाजारात या बोटी मोहात पाडतील इतक्या स्वस्त दिसतात. त्यातले रबरी बेलोज, म्हणजे ट्रान्सममधून जाणाऱ्या जोडावरची घडीची नळी, फाटले की पाणी थेट बोटीत येते आणि बांधून ठेवलेली बोट जागच्या जागी बुडते. खाऱ्या पाण्यात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारे लोखंडी नळ) आतून कुजतात. खाऱ्या पाण्यासाठी हात आखडता असेल तर हा प्रकार यादीतून काढून टाका.

ताकद किती, हा प्रश्न तळाच्या जातीवर अवलंबून आहे. पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीने बांधलेला असतो: मीटरमधल्या लांबीचे वर्गमूळ गुणिले २.४३, उत्तर नॉटमध्ये, म्हणजे समुद्रावरच्या वेगाच्या मापात. ६ मीटरला जेमतेम ६ नॉट, ९ मीटरला ७.३. त्यापुढे कितीही मोठे इंजिन लावा, फक्त लाट मोठी होते आणि इंधन जळते. पाण्यावर उचलून पळणाऱ्या बोटीचा हिशोब वेगळा. तिला दर १८ किलोमागे १ हॉर्सपॉवर हे किमान, ११ किलोमागे १ हे आरामाचे. बोट ३५० किलो, इंजिन ११०, तीन माणसे २४०, ६० लिटर पेट्रोल ४५, आणि बॅटरी, बर्फ, नांगर, सामान मिळून १०० धरले तर ८४५ किलो होतात. १८ ने भागले तर ४७, ११ ने भागले तर ७७. म्हणजे ५० ते ७५ हॉर्सपॉवर. बोटीवर कमाल ताकदीची पट्टी असेल तर तिच्यावर जाऊ नका, पण तिच्या निम्म्याहून खालीही नको. कमी ताकदीचे इंजिन कायम पूर्ण थ्रॉटलवर राहते, इंधनही जास्त खाते आणि लवकर संपते.

बोटीचे अंग तपासणे

सोबत न्यायच्या वस्तू: प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर, बारीक टोच्या, टॉर्च, मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज, प्लगचा पाना, पांढरी वाटी आणि चिंध्या. बोट पाण्याबाहेर असतानाच बघायला मागा.

ट्रान्समपासून सुरुवात करा. फायबरच्या बहुतेक जुन्या बोटींत ट्रान्समच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असते. इंजिनाचे बोल्ट, ड्रेन प्लगचे भोक आणि फिश-फाइंडरचे स्क्रू यांच्या भोकांतून पाणी शिरते आणि लाकूड आतल्या आत कुजते. बाहेरून काहीच दिसत नाही. आऊटबोर्ड अर्धे वर उचला, त्याच्या खालच्या टोकावर हाताने वजन टाका आणि दुसऱ्याला ट्रान्समच्या वरच्या काठाकडे बघायला सांगा. काठ किंचितही हलला, बोल्टभोवती चीर उघडली-मिटली तर लाकूड गेले. मग मुठीने दर पाच-सहा सेंटिमीटरवर ठोकत जा. घट्ट जागी टणक, तीक्ष्ण आवाज येतो. कुजलेल्या जागी बोदा. शेवटी मालकाच्या परवानगीने खालच्या बाजूचा एखादा आधीपासूनचा स्क्रू काढा. भोकातून तपकिरी पाणी ओघळले किंवा स्क्रूच्या आट्यांत काळा ओला भुसा आला, तर ट्रान्सम बदलावा लागणार. स्क्रू परत घालताना सीलंट लावा, ते मालकाशी सभ्यपणाचे आहे.

आतले लांब आडवे-उभे आधार, ज्यांना स्ट्रिंगर म्हणतात, तेही असेच ठोकून बघा. डेकवर टाचेवर जोर देऊन चाला. पाय दबला तर त्याखालचे लाकूड मऊ झालेले आहे. हॅचच्या कडा आणि खुर्च्यांच्या पायांभोवती हे हमखास सापडते. जेलकोटवरचे (फायबरवरच्या चकचकीत बाहेरच्या थरावरचे) बारीक कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे बहुधा वरवरचे असतात. पण एखाद्या कोपऱ्यातून किंवा स्ट्रिंगरच्या रेषेत सरळ जाणारी लांब चीर आतली हालचाल दाखवते. तळावर फोड असतील तर टोचून बघा. आंबट वासाचे पाणी निघाले तर पाणी फायबरच्या थरात शिरले आहे. दोन-चार फोड दुरुस्त होतात, तळभर असतील तर दुसरी बोट बघा.

डेकखालच्या फोमचा दोष सर्वांत फसवा. बरीच वर्षे ओल्या राहिलेल्या फोममध्ये इतके पाणी मुरते की बोट शेकड्याने किलो जड होते, आणि इंजिन कमजोर आहे असे वाटत राहते. शक्य असल्यास बोट ट्रेलरसकट वजनकाट्यावर न्या, ट्रेलरचे वजन वजा करा आणि बनवणाऱ्याने दिलेल्या कोरड्या वजनाशी ताडून बघा. इंजिन, बॅटरी, इंधन धरूनही मोठा फरक उरत असेल तर तो फरक पाण्याचा आहे. फोममध्ये बसवलेली अ‍ॅल्युमिनियमची टाकीही याच ओलीने बाहेरून कुजते. बिल्जमध्ये, म्हणजे डेकखालच्या तळाच्या पोकळीत, पेट्रोलचा वास येत असेल तर बोलणे तिथेच थांबवा.

अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत रिव्हेट आणि वेल्डचे सांधे बघा. ट्रेलरवर असतानाच आत मागच्या बाजूला दहा-एक सेंटिमीटर पाणी सोडा आणि खाली वाकून बघा. जिथून थेंब येतील तिथे खडूने खूण करा. थोडे सैल रिव्हेट पुन्हा ठोकून घट्ट होतात, पण वेल्डची चीर म्हणजे कसबी वेल्डर शोधणे आले. आधीच्या मालकाने वाळवी-प्रतिबंधक लाकडाचा डेक घातला असेल तर तो उचलून बघा. त्या प्रक्रियेतले तांबे ओलीत अ‍ॅल्युमिनियम खाते आणि पत्र्याला सुईच्या टोकाएवढी भोके पाडते. तळाला तांबेयुक्त रंग लावलेला असेल तर तीच गोष्ट.

लाकडी होडीत पाण्याच्या रेषेखाली, कीलजवळच्या (तळाच्या मधल्या कण्याजवळच्या) फळ्यांत टोच्या टोचत जा. खाऱ्या पाण्यातला लाकूड पोखरणारा किडा बाहेर टाचणीएवढे भोक ठेवतो आणि आत बोगदे करतो. टोच्या सहज आत गेला तर फळी गेली समजा. लाकडी होडी दरवर्षी हाताखालून घालणारा माणूस तुमच्याकडे असेल तरच घ्या.

इंजिन तपासणे

येण्याआधी इंजिन सुरू करू नका, असे मालकाला आधीच सांगून ठेवा. गेल्यावर पहिल्यांदा हात लावून बघा. गरम असेल तर गार असताना ते सुरू होत नसावे, हा संशय धरायला जागा आहे.

झाकण काढा. सिलिंडर हेडवरचा रंग जळून तपकिरी झाला असेल तर इंजिन कधीतरी तापले आहे. हेडच्या बोल्टांवरचा रंग उडालेला दिसला तर ते खोलले गेले आहे. का, ते विचारा.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. सगळे प्लग काढा, ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडून ठेवा. इग्निशन बंद करा किंवा प्लगच्या वायरी अर्थ करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, गेज लावा आणि काटा वाढायचा थांबेपर्यंत स्टार्टर फिरवा. टू-स्ट्रोकमध्ये बहुधा ९० ते १३० पीएसआय (दाबाचे एकक) मिळतात, फोर-स्ट्रोकमध्ये जास्त. मात्र काही फोर-स्ट्रोक इंजिनांत स्टार्टवेळी दाब कमी करणारी सोय असते, म्हणून आकड्यापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. ११८, ११५, ८२ असे आले तर तिसऱ्या सिलिंडरचे रिंग किंवा पिस्टन खराब आहेत, आणि त्या इंजिनाची किंमत आता फक्त सुट्या भागांची आहे. प्लगही वाचा: हलका तपकिरी रंग चांगला, ओला काळा म्हणजे तिथे जळण नीट नाही, आणि एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जात आहे.

गियरकेसच्या (पंख्याजवळच्या गियरच्या पेटीच्या) खालचा स्क्रू सैल करा आणि चमचाभर तेल वाटीत घ्या. रात्रभर उभे राहिलेल्या इंजिनात पाणी तेलाखाली बसते, त्यामुळे ते आधी बाहेर येते. दुधट तेल म्हणजे सील गेले. सीलचा खर्च लहान, पण तसेच चालवले असेल तर बेअरिंगही गंजलेले असते. स्क्रूच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप चालतो, चमकणारे तुकडे चालत नाहीत. मग पंखा काढून शाफ्टवर बघा. तिथे गुंडाळलेला गळाचा दोरा सील कापतो, आणि मासेमारीच्या बोटीत तो असतोच.

आता पाण्याची नळी लावून सुरू करा. पाण्याशिवाय एकदाही नाही. थंड करायला पाणी खेचणारा रबरी इम्पेलर काही सेकंदांत जळतो. मागून येणारी पाण्याची धार सरळ आणि जोरदार हवी. इंजिन बंद करून पूर्ण वर उचला आणि पंधरा मिनिटे तसेच ठेवा, आपोआप खाली आले तर हायड्रॉलिक सील गळते. बॅटरीवर मल्टिमीटर लावा: बंद असताना १२.६ व्होल्ट, स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली नको, चालू असताना १३.८ ते १४.५. अलीकडच्या फोर-स्ट्रोकमध्ये किती तास कोणत्या आरपीएमवर चालले याची नोंद असते. ती मेकॅनिककडून काढून घ्या, मीटरच्या आकड्यावर विसंबू नका.

डिझेलमध्ये धूर बोलतो. गार इंजिनाचा थोडा पांढरा धूर तापल्यावर जायला हवा. तापल्यावरही पांढरा राहिला तर इंजेक्टर किंवा हेड गॅस्केट. निळा म्हणजे तेल जळते आहे. काळा म्हणजे हवा कमी, इंजेक्टर खराब किंवा पंखा फार मोठा. इंजिन बंद करून शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघा. खुळखुळला तर बेअरिंग झिजले आहे. ज्या जुन्या शाफ्टला दोरीचे पॅकिंग असते तिथे चालताना मिनिटाला काही थेंब पाणी यावेच, धार नको.

पाण्यावर चाचणी

पैसे देण्याआधी पाण्यात न्याच. निघताना बिल्ज कोरडी करा, म्हणजे परतल्यावर किती पाणी आले ते कळेल. तुमच्या वापरात असतील तेवढी माणसे बसवा. दहा मिनिटे हळू चालवा, मग पूर्ण थ्रॉटल. आरपीएम पुस्तिकेतल्या पट्ट्यात आले पाहिजेत, अनेक फोर-स्ट्रोकसाठी तो ५,००० ते ६,००० असतो. कमी आले तर आधी बोटीचे वजन आणि पंखा संशयित धरा. पंख्याचा पिच (एका फेऱ्यात तो किती पुढे सरकतो ते माप) १ इंच कमी केला की आरपीएम साधारण १५० ते २०० ने वाढतात, आणि एवढ्याने पुष्कळ 'कमजोर' इंजिने सुधारतात. दोन्ही बाजूंना कडक वळण घ्या, रिव्हर्स टाका, इंजिन बंद करून गरम असतानाच पुन्हा सुरू करा. किल-स्विचची, म्हणजे इंजिन तातडीने बंद करणाऱ्या बटणाची, दोरी ओढून बघा, इंजिन त्याच क्षणी बंद पडले पाहिजे.

दुसरे इंजिन बसवायचा विचार असेल तर शाफ्टची लांबी मोजा. ट्रान्समच्या उंचीप्रमाणे १५, २० किंवा २५ इंच अशी ती असते. इंजिनाची पंख्यावरची आडवी पट्टी बोटीच्या तळाला समांतर आणि साधारण त्याच पातळीवर यावी. आखूड शाफ्टचा पंखा हवा ओढतो, लांब शाफ्ट पाण्याला अडतो.

कागद

कारखान्यात बनलेल्या बोटींत बहुधा ट्रान्समच्या उजव्या बाजूला १२ किंवा १४ अक्षर-अंकांचा बोटीचा क्रमांक कोरलेला असतो. शेवटचे दोन अंक सहसा मॉडेलचे वर्ष सांगतात. तो आणि इंजिनाचा क्रमांक नोंदणीच्या कागदाशी जुळवा. घासलेला किंवा पट्टी उचकटलेला क्रमांक दिसला तर परत फिरा. बोटीवर कर्ज बाकी नाही याचा लेखी पुरावा घ्या. ट्रेलरचे कागद वेगळे असतात हे बरेच जण विसरतात. त्याचे टायर किती जुने आहेत ते बाजूवरच्या चार अंकांत लिहिलेले असते, आधी आठवडा, मग वर्ष.

बोट हातात आल्यावर

ठरलेल्या बजेटचा पाव भाग खरेदीत घालू नका, तो पहिल्या महिन्यासाठी आहे. पहिल्याच आठवड्यात इम्पेलर, गियर ऑइल, प्लग, इंधनाचा फिल्टर, इंधनाची नळी आणि प्रायमर बल्ब (नळीवरचा, दाबून इंधन पुढे ढकलण्याचा रबरी फुगा) बदला, आधीच्या मालकाने नुकतेच बदलले म्हटले तरी. जुन्या नळ्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने आतून सुटतात आणि त्यांचे तुकडे कार्बोरेटरमध्ये जातात. टाकीतले जुने पेट्रोल पूर्ण काढून टाका. झिंकचे अ‍ॅनोड, म्हणजे बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे तुकडे, निम्म्याहून जास्त झिजले असतील तर नवे लावा, आणि त्यांच्यावर रंग मारू नका. बिल्ज पंपाचा फ्लोट हाताने उचलून पंप खरोखर चालतो का ते बघा. बॅटरीजवळ मुख्य फ्यूज नसेल तर बसवा. इंजिन आत असेल आणि पेट्रोलचे असेल तर सुरू करण्याआधी प्रत्येक वेळी इंजिनखोलीतली हवा बाहेर काढणारा ब्लोअर चार मिनिटे चालवा, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचते.

पहिल्या काही फेऱ्या किनारा दिसत राहील एवढ्याच ठेवा. इंधनाचे तीन भाग करा: एक जायला, एक यायला, एक राखीव. प्रत्येक फेरीनंतर किती तास चालले आणि किती लिटर लागले ते वहीत लिहा. चार-पाच फेऱ्यांत तुमच्या बोटीचा खरा खप कळतो, आणि तो अचानक वाढला की पंखा, तळ किंवा इंजिन यांपैकी काहीतरी बघायची वेळ आली आहे.